पालकांची पुस्तके आणि आपले अंगण

मुलांच्या संगोपनावर मराठीत पुस्तके नाहीत, अशी तक्रार आता कोणास करता येणार नाही. पुस्तके आहेत, आणि त्यांतील काही फार चांगली आहेत. आमचा प्रश्न निराळा आहे. पेडण्यातील वा डिचोलीतील आईबापांस त्यांत आपले घर दिसते काय?

पहिले नाव साहजिकच ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. पालकांना उपदेश करण्यासाठी ती लिहिलेली नव्हती. पण आमच्या घरांतून ती तशीच वाचली गेली. पालगडचे ते घर, ती विहीर, ते पावसाळे आम्हांस परके नाहीत. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. मोळी उचलू न शकणाऱ्या अस्पृश्य म्हातारीच्या मदतीसही तीच धाडते. दुसरा प्रसंग मुलांस अवश्य सांगावा. पहिल्याचे अनुकरण कोणी करू नये. शिवाय संस्कार हे आईचेच काम, वडिलांचा त्यांत संबंध नाही, हा समज या पुस्तकाच्या भक्तांनी घरोघर रुजविला, तोही आम्हांस मान्य नाही.

अलीकडची पुस्तके बहुतांशी पुण्याकडची. शोभा भागवतांचे ‘आपली मुलं’ किंवा १९८७ पासूनचे ‘पालकनीती’ मासिक यांतील विचार सुजाण आहे, याविषयी शंका नाही. पण अशा लेखनाच्या डोळ्यांसमोर बहुधा शहरातील चौकोनी कुटुंब असते. आजी, काकी, शेजारघर आणि देवळाचे प्रांगण मिळून जे मूल वाढवितात, त्याचा तेथे फारसा विचार नसतो.

आम्हांस खरे जवळचे वाटते ते ताराबाई मोडकांचे कार्य. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात त्या बालशिक्षणात मुरल्या. पुढे १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. तेथील वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. १९७५ साली सरकारने देशभर योजना काढली, तेव्हा नावही तेच उचलले. मोंटेसोरीबाईंची महागडी साधने बाजूस ठेवून ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया, पाने यांवर काम भागविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणात शाळा भरविली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन आम्हांस पालकांच्या अनेक मार्गदर्शिकांहून मोलाचे वाटते.

आता चवथीची माटोळी पाहा. नारळ, सुपारीचे घड, कांगलां, घागऱ्यो आणि रानातली कितीतरी फळे आणताना मूल थोरांबरोबर डोंगर पालथा घालते, नावे शिकते, मोजते, बांधते. ताराबाईंनी खड्यांनी जे साधले, ते येथे न शिकविता होत असते. परंतु हल्ली माटोळीचे सामान बाजारातून येते, आणि मूल त्या वेळी शिकवणीस गेलेले असते! धालोंच्या मांडावर बसून ऐकलेली गाणी व जत्रेच्या रात्री पाहिलेला दशावतार यांचीही गत तीच होऊ लागली आहे.

भाषेचा पेच तर कोणत्याच पुस्तकाने सोडविलेला नाही. सारी पुस्तके सांगतात, मुलास मातृभाषेत शिकवा; २०२० चे शैक्षणिक धोरणही तेच सांगते. पण आमच्याकडे मूल बोलते कोकणीत, देवळात आरती ऐकते मराठीत, आणि ऐपत असेल तर शाळेत जाते इंग्रजी. पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या ओसरीवर वा कोणाच्या सोप्यावर मराठी शाळा भरत, त्या मुलांसही घरची बोली आणि पाटीवरची भाषा यांत अंतर होते. परंतु ते एका ओसरीएवढे होते. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांस अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा गोव्यात मोठे वादळ उठले. आंदोलने झाली, भाषणे झाली. पण चार वर्षांच्या मुलाशी आजीने कोणत्या भाषेत गोष्ट बोलावी आणि ती शाळेच्या पाटीपर्यंत कशी न्यावी, हे सांगणारे एखादे लहानसे कोकणी-मराठी पुस्तक त्यातून निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. असे पुस्तक पुण्यात लिहिले जाणार नाही. ते पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या बालवाडीच्या बाईंनी लिहावे, आणि छपाईचा भार एखाद्या देवस्थानाने उचलावा.