गुणांकांची बेरीज आणि शोषखड्डा : एका मूल्यमापन-पद्धतीची चिकित्सा

घरगुती सेप्टिक टाकीसाठी एखादी जमीन योग्य आहे की नाही, हे ठरविण्याची दोन साधने आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत वारंवार आढळतात : एक पाझर-परीक्षा आणि दुसरे ‘ड्रॅस्टिक’ या नावाने परिचित असलेला भूजल-भेद्यतेचा निर्देशांक. दोन्ही अमेरिकेतून आली, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती अशी की, ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती निर्माण झाली तो प्रश्न बाजूस सारून निराळ्याच प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून मागितले जात आहे.

प्रथम पाझर-परीक्षा घेऊ. 1920 नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील हेन्री रायन यांनी निचरा-क्षेत्रांजवळ एक फूट चौरस खड्डे खणून त्यांतील पाणी एक इंच खाली उतरण्यास किती मिनिटे लागतात हे मोजले, आणि कोणती क्षेत्रे तुंबली व कोणती चालली याच्याशी त्या वेळेचा मेळ घातला. सांडपाणी जमिनीवर फुटून येईल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. भूजलाचे काय होईल, हा नव्हे. पुढे अमेरिकन नियम-पुस्तिकांत मिनिटांच्या वर्गमुळाने 5 ला भागून दर चौरस फुटाला दररोज किती गॅलन सांडपाणी सोडावे हे ठरविण्याचे सूत्र रूढ झाले. आपल्या भारतीय मानक 2470 च्या दुसऱ्या भागात (1985) हेच सूत्र 5 च्या जागी 204 घेऊन येते. दर चौरस फुटाला 5 गॅलन म्हणजे दर चौरस मीटरला 204 लिटर! एककांचे रूपांतर झाले. जमिनीचे झाले नाही.

याचा परिणाम दख्खनच्या पठारावर विपरीत होतो. मानकानुसार पाणी 25 मिलिमीटर उतरण्यास 60 मिनिटांहून अधिक वेळ लागणारी जमीन शोषणास अयोग्य ठरते. परंतु 1 मिनिट किंवा त्याहून कमी वेळ लागला तर सर्वाधिक, म्हणजे 204 लिटरचा भार मंजूर होतो. भेगाळलेला मुरूम या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो. पण पाणी चटकन जाते याचाच अर्थ ते मातीच्या कणांशी व तेथील सूक्ष्मजीवांशी पुरेसा वेळ संपर्कात राहत नाही. शुद्धीकरण घडते ते शोषखड्ड्याच्या तळाखालील असंतृप्त थरात. शोषून घेणे आणि शुद्ध करणे हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जाऊ शकतात. काळ्या जमिनीत आणखी एक गंमत आहे. मे महिन्यात तिच्या भेगांतून पाणी भराभर उतरते, तर ऑगस्टमध्ये माती फुगून तोच खड्डा रात्रभर भरलेला राहतो. एकाच भूखंडाचे दोन निकाल! रात्रभर पाणी भरून ठेवण्याची मानकातील अट हा दोष कमी करते, नाहीसा करीत नाही.

आता ड्रॅस्टिक. 1987 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी सिद्ध झालेल्या या पद्धतीत सात घटकांना 1 ते 5 असे भार आहेत. ती वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी तिची गृहीतके वाचली असतील, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे. दूषित द्रव्य भूपृष्ठावर पडते, ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाते आणि अभ्यासाचे क्षेत्र किमान 100 एकर असते, असे तिच्या कर्त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. शोषखड्डा यांतील एकही अट पाळत नाही. तो मातीचा थर ओलांडून खाली जातो, पावसाची वाट पाहत नाही आणि दोन-तीन गुंठ्यांत बसतो. तरीही मातीला गुण देऊन जमीन ‘सुरक्षित’ ठरविली जाते. त्यातही काळ्या जमिनीला केवळ चिकणमाती समजून 1 गुण दिला जाण्याचा धोका आहे. आकुंचन पावणाऱ्या चिकणमातीला मूळ कोष्टकात 7 गुण आहेत. उताराचे तर पूर्ण उलटे होते. तीव्र उतारावर पाऊस वाहून जातो म्हणून तेथे 1 गुण, म्हणजे धोका कमी. पण खड्ड्यातील सांडपाणी मुरूम व अखंड खडक यांच्या सांध्यावरून उताराच्याच दिशेने सरकते, आणि विहीर बहुधा खालच्या अंगाला असते.

पाण्याच्या पातळीचा भार 5 आहे. मे महिन्यात 10 मीटर खोल असलेली पातळी ऑगस्टमध्ये 2 मीटरवर आली, तर गुण 5 वरून 9 होतात आणि निर्देशांक 20 ने वाढतो. नकाशातील हिरवा रंग केवळ महिना बदलल्याने पिवळा होत असेल, तर तो कोणत्या महिन्याचा हे नकाशावर छापणे निदान अगत्याचे आहे.

याहून गंभीर बाब म्हणजे दोन्ही साधने घरांची दाटी पाहत नाहीत. पाच माणसांचे कुटुंब, 200 चौरस मीटरचा भूखंड, दरडोई वर्षाला 3 किलो नायट्रोजन, रोज 100 लिटर सांडपाणी आणि 100 मिलिमीटर पुनर्भरण असे मानू. सर्व नायट्रोजनाचे नायट्रेट झाले तर सुमारे 66 किलो नायट्रेट अवघ्या 200 घनमीटर पाण्यात विरघळेल, म्हणजे लिटरमागे 330 मिलिग्रॅम. निम्मे वाटेत नष्ट झाले असे उदारपणे धरले तरी पिण्याच्या पाण्याच्या 45 मिलिग्रॅम या मर्यादेच्या तिप्पटीहून ते अधिक आहे. विहिरीपासून 18 मीटर अंतर राखण्याचा मानकातील नियम जंतूंसाठी आहे. नायट्रेटला तो अडवीत नाही, आणि भेगाळ बेसॉल्टात तो जंतूंनाही कितपत अडवील हे भेगांवर अवलंबून आहे. शहरालगतच्या ज्या वसाहतींत प्रत्येक अंगणात एक शोषखड्डा व एक विंधन विहीर असते, तेथे प्रत्येक भूखंड स्वतंत्रपणे ‘योग्य’ ठरूनही सर्वांचे पाणी बिघडू शकते.

तेव्हा क्षेत्र-अभ्यासास जाणाऱ्या विद्यार्थ्याने निर्देशांक काढण्यापूर्वी नियोजित तळाच्या खाली दोन मीटरपर्यंत चर खणून थर पाहावेत, पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याने मातीवर पडलेले करडे-तांबूस डाग नोंदवावेत आणि आसपासच्या विहिरींची पातळी ऑगस्टमध्ये स्वतः मोजावी. बेसॉल्टाला ड्रॅस्टिकच्या कोष्टकात 2 पासून 10 पर्यंत कोणताही गुण देता येतो. तो कोणता द्यावा, हे त्या चरात उतरल्यावाचून कळत नाही.