तीन कोटी शब्दांचा हिशेब

बाल्यावस्थेत बौद्धिक वाढीस विलंब का लागतो, ह्या प्रश्नाच्या चर्चेत एका ग्रंथाचा आधार वारंवार घेतला जातो. तो म्हणजे बेटी हार्ट व टॉड रिस्ली ह्या कॅन्सस विद्यापीठातील संशोधकद्वयाचा, १९९५ साली प्रसिद्ध झालेला ‘मीनिंगफुल डिफरन्सेस’ हा होय. गरीब घरांतील मूल चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष आता सिद्धान्ताच्या पदवीस पोचला आहे. त्या सिद्धान्ताचे भाषाशास्त्राच्या दृष्टीने परीक्षण करण्याचा येथे विचार आहे.

प्रथम ग्रंथकारांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ४२ कुटुंबांत दरमहा एक तास बसून, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत सुमारे अडीच वर्षे त्यांनी घरातील बोलणे टिपले. व्यावसायिक वर्गातील घरांत मुलाला उद्देशून ताशी सरासरी २,१५३ शब्द उच्चारले जात, तर सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या घरांत ६१६. घरातील बोलण्याचे प्रमाण आणि तिसऱ्या वर्षीची शब्दसंपत्ती ह्यांत त्यांना निकटचा संबंध आढळला. प्रश्नावलीवर विसंबून न राहता प्रत्यक्ष श्रवणाचा एवढा चिकाटीचा उद्योग आदरास पात्र आहे, ह्यात संशय नाही.

परंतु तीन कोटी ही संख्या कोणी मोजलेली नाही, ती गुणाकाराने आलेली आहे. महिन्यातील एका तासाची सरासरी घ्यावयाची, आठवड्याचे १०० तास मूल जागे असते असे धरावयाचे, आणि चार वर्षांनी गुणावयाचे, अशी ही रीत आहे. शिवाय साहाय्यावरील कुटुंबे अवघी सहा होती आणि ती सर्व कृष्णवर्णीय होती. तेव्हा भेद दारिद्र्याचा, वस्तीचा, की अपरिचित निरीक्षकासमोर बोलण्याच्या संकोचाचा, हे ह्या नमुन्यावरून वेगळे काढता येत नाही.

दुसरा आक्षेप ‘शब्द’ ह्या मापासंबंधी आहे. इंग्रजीतील दोन घरांची तुलना करताना हे माप कसेबसे चालेल. ते उचलून मराठी घरात आणले की त्याचा अर्थच पालटतो. ‘घरातल्यांनासुद्धा’ ह्या एका शब्दाचा आशय इंग्रजीत मांडण्यास पाच-सहा शब्द लागतात. ‘आलीस?’ ह्या एका पदात क्रिया, काळ, पुरुष, वचन आणि लिंग एवढे सामावलेले असते. ज्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्या भाषेतील माता मोजणीत मितभाषी ठरावी, हा मोजणीचा दोष होय, मातेचा नव्हे.

तिसरा आक्षेप श्रोत्याविषयी आहे. डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी व पेगी मिलर ह्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच अमेरिकन वस्त्यांतील बोलणे पुन्हा तपासले. एकाच आर्थिक थरात फार मोठी तफावत आढळली, आणि मुलाभोवती इतरांनी केलेले बोलणे धरताच गणना वाढली. ह्यावर गोलिन्कॉफ, हॉफ प्रभृतींनी त्याच वर्षी उत्तर दिले, की त्या नमुन्यात उच्च व्यावसायिक वर्गच नव्हता. आणि कानावर पडणाऱ्या बोलण्यापेक्षा मुलाशी केलेले बोलणेच शब्दसंपत्ती वाढवते. हे उत्तर दुर्लक्षणीय नाही. श्नाइडमन व गोल्डिन-मेडो ह्यांना २०१२ साली मेक्सिकोतील माया खेड्यातही हेच दिसले होते. म्हणून आजी, आत्या, शेजारीण ह्यांच्या बोलण्याने भरलेल्या आपल्या घरांत मुलाची भाषिक सोय आपोआप झालीच, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. त्यांपैकी मुलाशी कोण बोलते, हेच पाहिले पाहिजे.

तथापि मुख्य आक्षेप कार्यकारणाचा आहे. शब्दसंपत्ती म्हणजे बुद्धी नव्हे, आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. ‘लॅन्सेट’च्या २००७ सालच्या लेखमालेत वयाच्या मानाने खुंटलेली उंची, आयोडिनची उणीव, लोहाच्या उणिवेचा पांडुरोग आणि अपुरे बौद्धिक उत्तेजन ही चार प्रमुख कारणे सांगितली आहेत. ह्यांतील पहिली तीन शरीराची आहेत आणि चारही बहुधा एकाच घरात एकत्र नांदतात. त्यांतून एकटे बोलणे वेगळे काढून त्यावर सारा भार टाकला, की दारिद्र्याचा दोष आईच्या जिभेवर येतो, आणि मिठातील आयोडिन व पोटातील लोह ह्यांची जबाबदारी ज्यांची, ते मोकळे सुटतात.

कारण कसे तपासावे, ह्याचा उत्तम वस्तुपाठ जमैकात सापडतो. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व सहकाऱ्यांनी किंग्स्टन येथील वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचे यदृच्छेने चार गट केले. एकास पूरक आहार, दुसऱ्यास आठवड्यातून एकदा घरी येऊन खेळ व संभाषण, तिसऱ्यास दोन्ही, आणि चौथ्यास काहीच नाही. दोन वर्षांनी, १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही उपाय गुणकारी ठरले आणि एकत्र दिले तेव्हा सर्वाधिक. वीस वर्षांनंतर उत्तेजन मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक निघाली. येथे बोलण्याचे महत्त्व सिद्ध झाले. परंतु ते शब्द मोजून नव्हे, तर आईच्या हाती घरातल्याच वस्तूंची खेळणी आणि सोबतीला एक जाणती बाई देऊन.

हार्ट-रिस्ली ह्यांचा ग्रंथ वाचावा तो त्यातील निरीक्षणासाठी. त्याची संख्या मात्र तिच्या जागी ठेवावी. मराठी मुलांसंबंधी असे संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दांची गणती आरंभण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात: आपल्या भाषेला साजेल असे, संभाषणातील देवघेवीचे माप ठरवावे, आणि मुलाच्या बोलण्याच्या नोंदीशेजारी त्याच्या उंचीची व रक्तातील लोहाचीही नोंद ठेवावी.