तीनदा ‘सम’, मग ‘प्रसन्न’

निरोगी कोणाला म्हणावे, याचे उत्तर सुश्रुतसंहितेने एका अनुष्टुभात, अवघ्या ३२ अक्षरांत दिले आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायातला हा श्लोक आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. आशय असा : ज्याचे वात, पित्त, कफ हे दोष सम, अग्नी सम, धातू आणि मल यांच्या क्रिया सम, ज्याचा आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न, त्याला स्वस्थ म्हणतात.

वाईत बसून हा श्लोक वाचायचा, तर वाईच्या रीतीने वाचावा. केवलानंद सरस्वतींनी इथे प्राज्ञपाठशाळा उभी केली, मीमांसाकोशाचे अफाट काम केले. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. जुने शास्त्र आणि आजचे विज्ञान या गावाने एकाच बैठकीत अभ्यासले. कोणत्याही वचनाचे तात्पर्य ठरवताना मीमांसक काही खुणा पाहतात. बोलणे कुठून सुरू होऊन कुठे संपते, पुन्हा पुन्हा काय येते, नवे काय सांगितले आहे, त्याला उपपत्ती कोणती आणि त्याचे फल काय. त्याच खुणा धरून पुढे जाऊ.

आधी प्रकरण. हा अध्याय दोष, धातू आणि मल यांच्या क्षयाचा आणि वृद्धीचा आहे. एखादी गोष्ट कमी पडली तर काय होते, वाढली तर काय होते, हे सांगत सांगत ग्रंथकार स्वास्थ्याच्या व्याख्येशी येतो. म्हणजे इथल्या ‘सम’ला दोन्ही बाजूंना कडे आहेत. अधिक म्हणजे चांगले, असा या श्लोकाचा समज नाही.

मग पुनरुक्ती. पहिल्या अर्ध्यात ‘सम’ तीनदा येतो. पहिल्या दोन वेळा तो दोषांना आणि अग्नीला लागतो. तिसऱ्या वेळी समास लांबतो, त्यात धातू येतात, मल येतात आणि शेवटी ‘क्रिया’ येते. मला या श्लोकातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. ग्रंथकार धातू-मलांचे नुसते माप सांगून थांबत नाही, त्यांचे काम सम असावे म्हणतो. आणि आरोग्याच्या व्याख्येत मलाला धातूंच्या पंगतीला बसवतो. शरीर काय टाकते आणि किती टाकते, यावरही स्वास्थ्य ठरते.

उपपत्तीसाठी वाईजवळच्या भुईंज परिसरातल्या उसाच्या फडात जाऊ. हिवाळ्याच्या पहाटे हातात कोयता घेऊन फडात उतरलेल्या बाईच्या अंगावर काटा येतो. कातडीलगतच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटे गार पडतात, पण शरीराच्या गाभ्यातली ऊब ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. दुपारी डोक्यावर मोळी घेऊन ती ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवरून चढते, तेव्हा त्याच वाहिन्या फुलतात आणि घामाच्या धारा लागतात. लिटरभर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घामावाटे पाणी गेले की रक्तातले क्षार दाट होतात. ही वाढ जेमतेम एक-दोन टक्के असली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ती कळते. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, मूत्रपिंडे पाणी राखू लागतात, लघवी थोडी आणि गडद होते, घशाला कोरड पडते. ती तांब्याभर पाणी पिते आणि काही मिनिटांत तहान शमते. ते पाणी अजून पुरते रक्तात पोचलेलेही नसते. तोंडाने, घशाने आणि आतड्याने मेंदूला आधीच वर्दी दिलेली असते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. बाहेरून स्थिर दिसणाऱ्या शरीराच्या आत एवढी अखंड मेहनत चालू असते.

क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात शरीराच्या आतल्या परिसराच्या स्थैर्याचा विचार मांडला. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२६ साली त्याला होमिओस्टॅसिस, म्हणजे समस्थिती, हे नाव दिले. सुश्रुताला हे सगळे ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. दोष म्हणजे संप्रेरके नव्हेत आणि श्लोक म्हणजे प्रयोग नव्हे. पण आरोग्य हा समतोल आहे आणि तो क्रियेने टिकतो, हे दोन्हीकडचे सूत्र जुळते, आणि विज्ञानाच्या उजेडात ‘क्रिया’ या शब्दाचे वजन अधिक जाणवते.

रोगाकडेही मग वेगळ्या नजरेने पाहता येते. तापात मेंदू तापमानाची ठरलेली पातळीच वर नेतो, म्हणून अंग तापत असतानाही हुडहुडी भरते आणि ताप उतरताना घाम फुटतो. मधुमेहात रक्तातली साखर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून रोगी सारखा तहानेला असतो. मधासारख्या लघवीचा आजार सुश्रुतानेही नोंदला आहे. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचते. शरीरात पाणीच कमी आहे, असे धरून ती मीठ आणि पाणी साठवत जातात. पाय सुजतात, झोपल्यावर धाप लागते. सावरण्याची धडपड भलत्या जागी खर्ची पडते आणि तीच आजार वाढवते. डॉक्टर लघवी वाढवणारी गोळी देतात, तेव्हा ते मलाची क्रियाच सम करत असतात.

आता श्लोकातले नवेपण. तीनदा ‘सम’ ऐकल्यावर कान चौथ्यांदाही त्याचीच वाट पाहतो. मन सम, इंद्रिये सम, असे सहज म्हणता आले असते. ग्रंथकार तिथे ‘प्रसन्न’ म्हणतो. तहान, ताप, साखर यांना माप आहे, त्यांना ‘सम’ शोभतो. मनाची कसोटी मापाने लागत नाही. तपासणीचे सगळे आकडे नेमके असूनही माणूस मलूल असेल, तर हा श्लोक त्याला स्वस्थ म्हणणार नाही. आणि ‘स्वस्थ’ हा शब्द येतो तो या सगळ्या अटी मांडून झाल्यावर, शेवटच्या चरणात. तो आधी कमवावा लागतो.

राहिले फल. जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ साली अमलात आलेली घटना आरोग्याच्या व्याख्येत सामाजिक स्वास्थ्यही मोजते. सुश्रुताच्या श्लोकात ते नाही, आणि फडातल्या बाईकडे पाहताना ही उणीव टोचते. आडोसा नाही म्हणून कितीतरी ऊसतोड बाया दिवसभर पाणीच कमी पितात. त्यांची मूत्रपिंडे इमानाने थेंब थेंब राखतात, पण त्या राखण्यालाही सीमा आहे. रोज तहान मारली की लघवीची जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, मुतखड्याचा धोका वाढतो. शरीर आपल्या वाटणीचे काम चोख करते. फडावर प्यायला पुरेसे पाणी, सावली आणि संडास देणे हे काम मात्र मुकादमाचे, कारखान्याचे आणि सरकारचे आहे. ते झाल्याशिवाय त्या बाईला ‘प्रसन्न’ व्हायला सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.