पेटी, पोथी आणि पुठ्ठा

पंचांगाचे परीक्षण कोणी लिहीत नाही. ते वाचायचे पुस्तकच नव्हे. ते पाहायचे पुस्तक. तिथी पाहिली, मुहूर्त काढला, की मिटून कोनाड्यात ठेवायचे. अशाच एका पाहायच्या पुस्तकाविषयी मला यंदा लिहायचे आहे; फरक इतकाच की यातले ग्रहतारे, गावे आणि देव सगळे कल्पित असतात.

ही पुस्तके एका खेळासाठी लिहिली जातात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करणार ते बोलतात, आणि जमले की फसले ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हार-जीत फारशी नाही. गोष्ट पुढे जाते एवढेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला छापील खेळ. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला, तोही एका पेटीत घातलेल्या तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने. आता आमच्या नेरूळ-वाशीकडची मुलेही तो खेळतात आणि आई जेवायला हाका मारून थकते.

खेळाचे नियम एका पुस्तकात असतात. तो ज्या जगात घडतो त्याचे राजे, रस्ते, खानावळी, जुनी वैरे दुसऱ्या पुस्तकात. मुले त्याला ‘सेटिंग बुक’ म्हणतात. या पुस्तकांची चर्चा होते ती कादंबरीसारखी: कल्पना किती भव्य, चित्रे किती देखणी. माझे म्हणणे असे की आधी त्याची बांधणी पाहावी. कारण या पुस्तकात दोन प्रकारचे ज्ञान असते. अमुक गावी बाजार भरतो हे सर्वांना ठाऊक. त्या बाजारातला अत्तरवाला राजाचा हेर आहे हे एकट्या सूत्रधाराला. दोन्ही एकाच पानावर छापले, की ते पुस्तक टेबलावर उघडता येत नाही. सूत्रधार ते मांडीवर लपवून धरतो, आणि बाकीचे ज्या जगात राहायचे त्याच्या दाराशी ताटकळतात.

पेटीला हे कळले होते. एड ग्रीनवूड या कॅनेडियन ग्रंथपालाने रचलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ १९८७ साली करड्या पेटीतून आले. तीत शहाण्णव-शहाण्णव पानांच्या दोन पुस्तिका, मोठे नकाशे आणि नकाशावर ठेवून अंतर मोजायला पारदर्शक चौकटीचे कागद होते. एक पुस्तिका त्या जगाची सर्वसाधारण ओळख करून देणारी, दुसरी सूत्रधारासाठी. नकाशा टेबलावर पसरला की पाचही डोकी त्यावर वाकत. तेच जग २००१ साली तीनशे वीस पानांच्या एका जाड पुठ्ठ्याच्या ग्रंथात बांधले गेले. ग्रंथ सुंदर आहे, यात शंका नाही. रात्री अंथरुणात पडून वाचावा असा आहे. आणि नेमकी तीच त्याच्याविरुद्ध माझी तक्रार.

पेटीचे दोषही सांगितले पाहिजेत. तिचे कोपरे फाटतात, नकाशे हरवतात, आणि ती छापणाऱ्याला महाग पडते. मूळ प्रकाशनसंस्था टीएसआर १९९७ साली कर्जबाजारी होऊन विकली गेली, त्यामागे अनेक कारणे होती. खर्चिक पेट्या हे त्यांतले एक म्हणून सांगतात. याच संस्थेने १९८९ साली पोथीचाही प्रयोग केला होता. राक्षसांची सुटी पाने कड्यांच्या फायलीत घालायची, नवी आली की वर्णक्रमाने मध्ये सरकवायची. पण काही पानांच्या दोन बाजूंना दोन वेगळे राक्षस छापले, आणि सगळा वर्णक्रम कोलमडला! आपल्या पोथीला ही अडचण कधी आली नाही, कारण तिच्यात कोणी दरवर्षी नवा अध्याय घुसडीत नसे. १९९३ साली ते राक्षस पुन्हा बांधीव पुस्तकात गेले.

अलीकडे पेटीचा आभास परतला आहे. २०२२ सालच्या ‘स्पेलजॅमर’मध्ये चौसष्ट पानांची तीन पुस्तके एका खोक्यात येतात: एक जगाचे, एक प्राण्यांचे, एक तयार साहसकथेचे. विभागणी योग्य, पण आकाशात जहाजे हाकायच्या या खेळात जगाच्या वाट्याला चौसष्टच पाने आली, आणि जहाजांच्या झुंजीचे नियम फार थोडक्यात आटोपले. पेटी घेतली, पण तीत भरायचे सामान कमी पडले.

बांधणी बदलली की वाचक बदलतो, याचे उत्तम मराठी उदाहरण आपल्या भिंतीवर आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले तेव्हा तिथी नव्या नव्हत्या, सणही नव्हते. पंचांग तेच, पण पूर्वी ज्यासाठी भटजींना विचारावे लागे, ते आता दूधवाल्याचा हिशेब मांडणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांसमोर आले. सूत्रधाराची पोथी सर्वांचा नकाशा झाली.

आणि मी जिथे राहतो ते शहरही आधी कागदावरच होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली ती १९६५ साली, ‘मार्ग’ नियतकालिकाच्या पानांवर. सिडको त्यानंतर पाच वर्षांनी, १९७० साली स्थापन झाली. कागदावर जी जागा मोकळी दिसत होती तिथे पंचाण्णव गावे होती, त्यांची भातशेती आणि मिठागरे होती. कल्पित जगाच्या नकाशावरची रिकामी जागा ही खेळणाऱ्यांना दिलेली देणगी असते. खऱ्या नकाशावर ती तशी नसते, हे १९८४ साली जासईच्या गोळीबाराने फार महागात शिकवले.

आपल्या मुलांनी परक्या राजांच्या खानावळीत किती दिवस बसावे? बेलापूरचा किल्ला आहे, पनवेलची खाडी आहे, आगरी-कोळ्यांची गावठाणे सेक्टरांच्या मधोमध आजही उभी आहेत. यातून जग रचायला तीनशे पानांचा ग्रंथ लागत नाही. ‘ग्रेहॉक’ हे जुने जग १९८० साली पहिल्यांदा छापले गेले ते बत्तीस पानांच्या पुस्तिकेत, सोबत दोन नकाशे. तेवढे आपल्या एखाद्या दिवाळी अंकाच्या पुरवणीत सहज मावेल. सूत्रधाराची आठ पाने वेगळी टाचावीत, आणि नकाशा अंकात शिवू नये. घडी घालून सुटा ठेवावा.