दामिनीचा इशारा आणि शाळेची किल्ली

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेल्या 'दामिनी' ॲपवर आपल्यापासून २० व ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कोठे पडली ते दिसते. साधन उपयुक्त आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. आमचा आक्षेप आहे तो केवळ इशारा पुरेसा मानण्याला.

'पक्क्या इमारतीत जा' ही सूचना बरोबरच आहे. पण जिवती तालुक्यात, माणिकगडच्या डोंगरातील शेतात मोबाइलला रेंज नसेल तर इशारा पोचतच नाही. जवळचा आडोसा म्हणजे मोहाचे झाड किंवा कुडाची झोपडी, दोन्ही धोक्याची. झाडावर पडलेली वीज खोडावरून बाजूच्या माणसावर झेपावते, जमिनीतूनही पसरते. उकिडवे बसणे हा शेवटचा नाइलाज आहे, संरक्षण नव्हे.

येथे ॲपपेक्षा शिक्षक अधिक करू शकतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे लखलखाटानंतर तीस सेकंदांनी गडगडाट झाला, तर वीज दहा किलोमीटरवर पडली. गडगडाट ऐकू आला की आपण तिच्या टप्प्यात आलो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबावे. हे विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचेल.

पण थांबायचे कोठे? लहान गावात पक्की इमारत बहुधा शाळेचीच. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. विजांची वादळे आणि पेरणीची लगबग त्याआधीच सुरू होते. त्या दिवसांत शाळेची किल्ली गावात कोणाकडे असेल, हे उन्हाळी सुटीपूर्वीच ठरवायला हवे.