माहितीनिष्ठ निकष आणि अकोल्याचा पाऊस

अनेक प्रतिमानांतून एकाची निवड कोणत्या तत्त्वावर करावी, या प्रश्नास हिरोत्सुगु आकाइके यांनी १९७३ मध्ये दिलेले उत्तर आज बहुमान्य आहे. बर्नहॅम व अँडरसन यांच्या ग्रंथाने (१९९८, सुधारित आवृत्ती २००२) ते व्यवहारी संशोधकांपर्यंत पोहोचविले. त्याचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

ज्या नोंदींवरून प्राचले ठरविली त्यांवरच परीक्षा घेतली, तर महत्तम लॉग-संभाविता प्रतिमानाला फाजील अनुकूल ठरते. हा फाजीलपणा सुमारे प्राचलांच्या संख्येइतका असतो. तो वजा करणे हेच या निकषाचे मर्म. यामागे कुल्बॅक व लायब्लर यांची माहिती-अंतराची कल्पना (१९५१) आहे. संभाविता-समीकरणाच्या सुसंगत मूळाचे एकमेवत्व तर पुणे विद्यापीठाचे डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९४८ मध्येच दाखविले होते.

आता व्यवहार पाहू. वीस वर्षांच्या वार्षिक पर्जन्यनोंदींसाठी दोन प्राचलांचे गॅमा वितरण घ्यावे की तीन प्राचलांचे सामान्यीकृत? तिसरे प्राचल स्वीकारण्यास लॉग-संभाविता मूळ निकषानुसार १ हून, लघुनमुन्यासाठी सुधारलेल्या निकषानुसार सुमारे १.४० हून, आणि श्वार्ट्झ यांच्या (१९७८) निकषानुसार सुमारे १.५० हून अधिक वाढावी लागते. वाढ १.२ असल्यास पहिला निकष होकार देईल, उरलेले दोन नकार देतील. म्हणून कोणता निकष व का, हे संशोधकाने आधीच सांगणे प्राप्त आहे.

परंतु खरा आक्षेप याहून खोल आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीस सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस कोसळतो. पूर्वेस प्रवरेकाठच्या अकोले गावी त्याचा अल्पांशच पोहोचतो. या सर्व नोंदी एका तालुक्याच्या म्हणून एकत्र केल्या व त्यांवर पाच वितरणे बसविली, तर निकष त्यांतील एकास पहिला क्रमांक देईलच. पाचही अयोग्य आहेत, हे तो सांगणार नाही. त्याचा निर्णय सापेक्ष असतो. उमेदवारांच्या यादीबाहेर त्याला दृष्टी नाही. उंची व सह्याद्रीपासूनचे अंतर ही चले यादीत आणणे हे डोंगर पाहिलेल्या अभ्यासकाचे काम होय.

बर्नहॅम व अँडरसन यांनीही प्रतिमाने विचारपूर्वक आधी निवडावीत असा आग्रह धरला आहे. दुर्दैवाने त्यांचे कोष्टक उचलले जाते, आग्रह मागे राहतो. निकष टाकाऊ नाही. मात्र त्याच्यासोबत अवशेषांची तपासणी व स्थळाचे ज्ञान नसेल, तर त्याने दिलेला पहिला क्रमांक शेतकऱ्याच्या किंवा भंडारदऱ्याच्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्याच्या उपयोगी पडणार नाही, असे आमचे मत आहे.