तुलना कोणाशी करायची? क. कैलासपती यांच्या निमित्ताने

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, हे कैलासपती कोण? प्रश्न रास्त आहे. तमिळ म्हटलं की तिरुक्कुरळ, सुब्रमण्य भारती, फार तर ए. के. रामानुजन यांची भाषांतरं, इथे आपली यादी संपते. श्रीलंकेतल्या तमिळ अभ्यासकापर्यंत आपण सहसा पोचतच नाही. म्हणून आधी माणसाची ओळख करून देतो, मग त्यांच्या मुख्य पुस्तकाकडे वळतो, आणि शेवटी त्या पुस्तकाशी माझा जो वाद आहे तो मांडतो. तो वाद आपल्याला थेट पैठणला घेऊन येतो, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

कनगसभापती कैलासपती यांचा जन्म १९३३ सालचा, क्वालालंपूरचा. इंग्रजांच्या काळात जाफन्याची कितीतरी तमिळ कुटुंबं नोकरीसाठी मलायात गेली होती. महायुद्धानंतर ते जाफन्याला आले, पुढे पेरादेनियाच्या विद्यापीठात शिकले. कोलंबोच्या 'दिनकरन' या तमिळ दैनिकाचं संपादन त्यांनी केलं. जाफन्याच्या खेड्यातली बोली कथा-कादंबरीत येऊ लागली होती आणि पंडित मंडळी 'ही हलक्या लोकांची भाषा' म्हणून नाकं मुरडत होती, तो हा काळ. कैलासपती उघडपणे त्या नव्या लेखकांच्या बाजूला उभे राहिले. ते मार्क्सवादी होते. जातीचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने साहित्याच्या बाहेरचा नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

मग ते इंग्लंडला बर्मिंगहॅमला गेले आणि जॉर्ज थॉमसन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. थॉमसन ग्रीक भाषेचे मोठे विद्वान आणि स्वतः मार्क्सवादी. त्या प्रबंधाचं पुस्तक १९६८ साली ऑक्सफर्डने काढलं, 'तमिळ हिरोइक पोएट्री'. पुढच्याच वर्षी त्यांचं तमिळ पुस्तक आलं, 'ओप्पियल इलक्कियम', म्हणजे 'तौलनिक साहित्य'. १९७४ साली जाफन्यात विद्यापीठाचा परिसर सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. ६ डिसेंबर १९८२ रोजी ते गेले, तेव्हा पन्नाशीही पुरी झालेली नव्हती.

आता पुस्तक. ते समजण्यासाठी संगम साहित्याबद्दल थोडं सांगायला हवं. 'एट्टुत्तोगै' म्हणजे आठ संग्रह आणि 'पत्तुप्पाट्टु' म्हणजे दहा दीर्घ कविता, असा हा ठेवा आहे. सगळ्या मिळून २,३८१ कविता आणि नावानिशी ठाऊक असलेले ४७३ कवी. काळ ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागेची काही शतकं. कवितांचे दोन प्रकार: 'अगम्' म्हणजे आतली, प्रेमाची, 'पुरम्' म्हणजे बाहेरची, युद्धाची, दानाची, मरणाची. हे साहित्य ताडपत्रांतून छापखान्यात आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जाफन्याच्या दामोदरम् पिळ्ळै यांनी १८८७ साली 'कलित्तोगै' छापलं, आणि उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८९४ साली 'पुरनानूरु'.

कल्पना करा, आपली भाषा संस्कृतच्या सावलीतली धाकटी बहीण आहे असं सतत ऐकणाऱ्या समाजाच्या हाती एकाएकी दोन हजार वर्षांपूर्वीची, स्वतःच्या वळणाची कविता येते. त्याला अभिमान वाटणारच. पण अभिमान एका जागी थांबत नाही. बघता बघता तो काळ सुवर्णयुग ठरला. सगळे राजे शूर, सगळे दानी, सगळ्या स्त्रिया पतिव्रता. तुलनाही याच कामाला जुंपली गेली: ग्रीकांचा होमर, तर आमचा संगम.

कैलासपतींनीही होमरशीच तुलना केली. पण त्यांना मोठेपणाचा दाखला नको होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता: ही कविता कोण रचत होतं, कसं रचत होतं, आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळत होतं?

'कसं' याचं उत्तर त्यांनी मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांच्याकडून घेतलं. पॅरी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात गेले आणि निरक्षर गायक शेकडो ओळींचं काव्य कसं उभं करतात ते त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. गायक पाठ म्हणत नाही, तयार शब्दबंधांतून गाता गाता जुळवतो. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. जात्यावर बसलेली बाईही ओवी अशीच जुळवते. अर्धी ओळ ठरलेली, उरलेली त्या क्षणाची. कैलासपतींनी संगम कवितेतले असे पुन्हा पुन्हा येणारे शब्दबंध आणि प्रसंग शोधले, ते ग्रीक, आयरिश, वेल्श काव्याशेजारी ठेवले आणि म्हटलं, ही मौखिक रचना आहे. गुरं पळवून आणण्याच्या चढाया तमिळमध्ये आहेत, आयरिशमध्येही आहेत. दोन्हीकडे टोळीप्रमुख आहे, त्याची कीर्ती आहे आणि ती गाणारा गायक आहे.

'कोण' याचं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. या कवितांत 'पाणर' भेटतात, याळ नावाचं तंतुवाद्य वाजवणारे भटके गायक. त्यांच्याबरोबर विरली, म्हणजे नाचणाऱ्या स्त्रिया. यातला 'आट्रुप्पडै' हा प्रकार पाहा. एक गायक वाटेत दुसऱ्याला भेटतो आणि सांगतो, अमक्या राजाकडे जा, तो पोटभर खाऊ घालतो, नवं वस्त्र देतो. 'पत्तुप्पाट्टु'तल्या दहांपैकी पाच कविता या प्रकारच्या आहेत, आणि त्यातली एक सोडली तर बाकीच्या हाडामांसाच्या दात्यांकडे पाठवणाऱ्या. सुवर्णयुगवाल्यांनी यात राजाचं औदार्य वाचलं. कैलासपतींनी गायकाची भूक वाचली. राजा कीर्ती विकत घेतो आणि गायक जेवण. एकदा हे दिसलं की 'सगळे राजे दानी होते' हे वाक्य इतिहास म्हणून उभं राहत नाही. दानी नसलेल्या राजावर गाणं रचायला कोण थांबणार होतं?

जाफन्याबद्दल एक आख्यायिका आहे. तमिळमध्ये त्या गावाचं नाव 'याळ्पाणम्'. याळ वाजवणाऱ्या एका पाणराला ती जमीन इनाम मिळाली, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवू. पण ज्या गावात उच्चजातीय पंडितांचा दबदबा, त्या गावाच्या नावातच एक भटका गायक बसलेला आहे. बोलीत लिहिणाऱ्यांची बाजू घेणारा संपादक आणि पाणरांना काव्याच्या मध्यभागी आणणारा संशोधक, ही दोन माणसं नाहीत, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

इथवर मी कैलासपतींच्या बाजूने बोललो. आता वाद.

होमरची 'इलियड' पंधरा हजारांहून अधिक ओळींची आहे. 'कुरुंतोगै'तली कविता साधारण चार ते आठ ओळींची. तयार शब्दबंध गायकाला कशासाठी लागतात? तासन्‌तास थांबू नये म्हणून. पाच ओळींत थांबण्याची भीती कुठे असते? तिथे उलट एकेक शब्द वजन करून ठेवलेला आहे. दुसरं, एकूण कवितांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक 'अगम्' आहेत, प्रेमाच्या. 'वीरकाव्य' हे नाव घेतलं की त्या दाराबाहेर उभ्या राहतात. कैलासपती त्यांना आत घ्यायचा प्रयत्न करतात, पण जागा अपुरी पडते. तिसरं, लेखन. तमिळ-ब्राह्मी शिलालेख सांगतात की त्या काळी लिहिणं माहीत होतं. कवितांमध्ये पाणरांखेरीज 'पुलवर' नावाचे शिकलेले, मानाचे कवीही आहेत. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज हार्ट यांनी १९७५च्या आपल्या ग्रंथात हा फरक नेमका पकडला: या कविता शिकलेल्या कवींनी रचल्या, पण घाट घेतला तो पाणरांच्या गाण्याचा. माझ्या मते हे उत्तर अधिक बरोबर आहे. पण पाणरांकडे पाहायला आधी कैलासपतींनी शिकवलं होतं, हे विसरून चालणार नाही.

हार्ट यांनी आणखी एक केलं, आणि इथे आपण पैठणला पोचतो. त्यांनी 'अगम्' कविता ठेवल्या हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'शेजारी. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथा. आणि जे होमरशेजारी दिसत नव्हतं ते दिसू लागलं. दोन्हीकडे कविता लहान, एकाच व्यक्तीच्या तोंडची. दोन्हीकडे प्रेमिकांना नाव नाही. सखी आहे, वाटसरू आहे, पावसाळ्याआधी परत येतो म्हणून गेलेला पुरुष आहे आणि ढग बघत बसलेली बाई आहे. हार्ट यांचं म्हणणं असं की तमिळने प्राकृताकडून किंवा प्राकृताने तमिळकडून उचललं असं नव्हे. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत लोकगीतांची एक सामाईक परंपरा असावी, तिथून दोन्हींनी घेतलं. सातवाहनांच्या काही नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला तमिळच्या जवळची भाषा आहे, हे आठवलं तर ही शेजारधर्माची गोष्ट अशक्य वाटत नाही.

म्हणजे काय झालं? कैलासपतींची तुलना चुकली असं मी म्हणणार नाही. होमरमुळे त्यांना गायक दिसला, आणि होमरमुळेच वाट बघणारी बाई काठावर राहिली. आपण शेजारी कोणाला बसवतो त्यावर काय दिसणार हे ठरतं. सन्मानासाठी आपण लांबचा, बडा पाहुणा निवडतो. घरातलं खरं तो पाहुणा सांगू शकत नाही, ते शेजाऱ्याला ठाऊक असतं.

हे सगळं आज सांगायचं कारण. तमिळला २००४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये. आपल्या दाव्यात 'गाथासप्तशती' हा एक मोठा पुरावा होता. चांगलंच झालं. मलाही आनंद झाला. पण पुरावा म्हणून सादर केलेला ग्रंथ नंतर फायलीत राहतो. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली गाथासप्तशतीची मराठी आवृत्ती कष्टाने सिद्ध केली, ती आपल्यापैकी किती जणांनी उघडली आहे? आणि ज्यांनी उघडली, त्यांच्यातल्या किती जणांनी शेजारी 'कुरुंतोगै' ठेवलं?

परंपरा सांगते की हालाने एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या. कोटीचा आकडा अर्थातच कवीचा. पण कैलासपती इथे असते तर त्यांनी राजाच्या रसिकतेबद्दल चकार शब्द न काढता विचारलं असतं: मग उरलेल्या गाथा कोणाच्या होत्या? त्या कोण म्हणत होतं, शेतात, पाणवठ्यावर, जात्यावर? निवडणाऱ्या राजाचं नाव राहिलं, त्यांचं काय झालं? अभिजात दर्जा मिळाल्यानंतर करायचं काम हेच आहे, असं मला वाटतं.

मी इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.